‘पहाटे दोन तास’ काढणाऱ्या काकांना

मागच्या पोस्टवर ‘हितचिंतक’ या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. तिथेच खाली चार ओळी लिहायला बसले होते, पण त्या एवढ्या वाढल्या की वेगळी पोस्टच करते. मूळ पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी सांगलीत एका सीए ऑफिसात पेड असिस्टंट, म्हणजे पगारी मदतनीस आहे. सीए फायनल, म्हणजे सीएची शेवटची परीक्षा, दोन ग्रुपांत असते; माझा दुसरा ग्रुप राहिलाय. या सप्टेंबरच्या (२०२५) परीक्षेला मी बसले नाही. ऑगस्ट लागला तशी पुस्तकं माळ्यावर टाकली, ऑडिटचा सीझन (व्यापाऱ्यांचे हिशेब तपासून आयकराचे रिपोर्ट भरायचे दिवस) संपेपर्यंत खाली काढायची नाहीत असं ठरवलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही, एवढंच लिहिलं होतं.

त्यावर हितचिंतक लिहितात:

“ताई, भाषा छान आहे तुमची. पण सीझनची ढाल पुढे करून तुम्ही भीती लपवताय. ज्याला करायचंय तो पहाटे दोन तास काढतोच. मी २००४ ला ऑफिस सांभाळून पहिल्या अटेम्प्टला दोन्ही ग्रुप काढले. तुमचं एक्झेम्प्शन (एका पेपरात चांगले मार्क पडले की तो पुन्हा न देण्याची सूट) पुढच्या तीनच परीक्षा चालतं. २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा घ्यायला लागलेत, म्हणजे मे २०२६ ला ते संपलं, आणि त्यातली एक परीक्षा तुम्ही हाताने घालवलीत. त्यात नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय. नवीन मुलं हे वाचून पुस्तकं मिटतील याचा विचार करा. आणि टॅक्स ऑडिटची मर्यादा सरसकट एक कोटी लिहिलीय, ती चूक आहे.”

आधी चूक. ती मान्य. टॅक्स ऑडिट किती उलाढालीच्या वर करावंच लागतं ती मर्यादा एक कोटी असली तरी रोख जमा आणि रोख खर्च दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असतील तर ती दहा कोटी होते, हे मी लिहायला हवं होतं. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय. मात्र मी ज्या पार्ट्यांबद्दल, म्हणजे ऑफिसच्या क्लायंटबद्दल, लिहीत होते ते मार्केट यार्डातले व्यापारी आहेत. त्यांच्या रोजमेळात पाच टक्क्यांच्या आत रोख दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या. शिवाय अडत्या कच्चा (दुसऱ्याचा माल विकून नुसती अडत घेणारा) की पक्का (माल स्वतःच्या नावावर विकणारा) यावर त्याची उलाढाल नुसती अडतीची धरायची की सगळ्या मालाची, हे ठरतं. तेही तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी काही त्यावरून तुम्हाला धरत नाही.

आता ‘ताई’. माझ्या ब्लॉगवर मला ताई म्हणणारे खूप आहेत आणि मला ते आवडतं. पण वाक्याच्या सुरुवातीला ताई आणि पुढच्याच वाक्यात ‘भीती लपवताय’, हे म्हणजे पाटावर बसवून पान न वाढण्यातला प्रकार झाला. २००४ ला फायनल झालात म्हणजे वयाने मोठे असणार, म्हणून मी काका म्हणते. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

मुख्य मुद्दा ते पहाटेचे दोन तास.

काका, तुमची प्रतिक्रिया पहाटे चार बावन्नला आलीय. म्हणजे तुम्ही उठता हे खरं आहे. त्या दोन तासांतली दहा मिनिटं माझ्यावर घालवलीत याबद्दल आभार. माझी पहाट सांगते. आमच्या गल्लीत पाणी पावणेसहाला येतं आणि साडेसहाला जातं. मुलाची रिक्षा सात वाजता कोपऱ्यावर. त्याच्याआधी त्याचा डबा आणि सासूबाईंचं इन्सुलिन. साडेनऊला ऑफिस. एरवी साडेसहाला सुटतं, सीझनमध्ये दहा, साडेदहा. जेवण, उद्याची भाजी निवडून ठेवणं, बारा. आता यातून पहाटेचे दोन तास काढा म्हटल्यावर मी उठायचं किती वाजता? आणि झोपायचं कधी, हे विचारावंसं तुम्हाला वाटलं नाही.

आणि सीझन म्हणजे तुमच्या डोळ्यापुढचा सीझन नाही. २००४ ला टॅक्स ऑडिटची तारीख ३१ ऑक्टोबर होती, ती २००८ मध्ये ३० सप्टेंबरवर आली. (मग ३१ ऑक्टोबर तर नोव्हेंबरच्या परीक्षेच्या तोंडावरच की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.) तेव्हा रिपोर्ट कागदावर सही करून फाइलला लावायचा. ऑनलाइन भरणं आलं २०१३ मध्ये. जीएसटी २०१७ चा. प्रत्येक रिपोर्टला यूडीआयएन (सहीच्या खरेपणाचा ऑनलाइन क्रमांक) काढायचा हे २०१९ पासून. ३सीडीतला (ऑडिट रिपोर्टसोबतच्या तपशिलाच्या फॉर्मातला) शेवटचा, ४४ नंबरचा मुद्दा तुम्ही कधी भरलाय का? वर्षाचा सगळा खर्च घ्यायचा, त्यातला जीएसटी नोंदणी असलेल्यांकडून किती, नसलेल्यांकडून किती, असा फोडायचा. एका बेदाण्याच्या पार्टीकडे हमालीपासून बारदानापर्यंत सगळं एकाच लेजरला टाकलेलं होतं. त्या एका मुद्द्याला मला अडीच दिवस लागले.

आणि या वर्षीचं तर विचारूच नका. मे महिन्यात जाहीर झालं की बिनऑडिटवाल्यांची रिटर्नं ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत भरता येतील. लोक खूश. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की जुलैचं काम उचलून सप्टेंबरात ऑडिटच्या डोक्यावर आणून ठेवलं. ते पंधराला संपणार म्हणून कंबर कसली, तर पंधराच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस मिळाला, तो मिळालाय हे अर्ध्या ऑफिसला सकाळी कळलं. २२ तारखेला घटस्थापना, त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर. मग जुन्या दराने घेतलेला माल नव्या दराने विकायचा का, हा प्रश्न घेऊन प्रत्येक पार्टीचा फोन. २५ तारखेला ऑडिट रिपोर्टची तारीख ३१ ऑक्टोबर झाली. दिवाळी त्यात गेली. २९ ऑक्टोबरला पुन्हा मुदतवाढ: रिपोर्ट १० नोव्हेंबर, रिटर्न १० डिसेंबर. बाहेरच्यांना वाटतं मुदतवाढ म्हणजे सुट्टी. मुदतवाढ मिळाली की जी पार्टी उद्या कागद देणार होती ती महिन्याभराने देते, बस्स.

आणि परीक्षा कधी होती? सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. गणपती बसलेले, अनंत चतुर्दशी सहा तारखेला.

एवढं वाचूनही तुम्ही म्हणाल, तरी ज्याला करायचंय तो करतोच. म्हणून आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते. मी करून पाहिलंय. २०२३ ला अगदी तुमच्या पद्धतीने. ऑगस्ट, सप्टेंबर रोज चारला उठले. चहाचा थर्मास रात्रीच भरून ठेवायचे, गॅस पेटवला की सासूबाई जाग्या होतात म्हणून. नोव्हेंबरला जुन्या अभ्यासक्रमाची ती शेवटची परीक्षा, पहिला ग्रुप, चार पेपर. एकात ३४. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण निम्मे लागतात, ते तुम्हाला माहीत आहेच, एकूणातही वीस कमी पडले. हे झालं परीक्षेचं. ऑफिसात त्याच सप्टेंबरात ऑडिटला घेतलेल्या एका हळदीच्या पार्टीने आदल्या वर्षात हातउसने घेतलेले पैसे रोख परत केले होते. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख परत केली की आयकर कायद्याचं कलम २६९टी लागतं आणि जेवढी रक्कम तेवढाच दंड बसू शकतो. ते ३सीडीत दाखवायचं माझ्याकडून राहिलं. सरांनी अपलोड करायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं. सर ओरडले नाहीत. फाइल माझ्यापुढे ठेवून नुसते म्हणाले, “झोपताय ना नीट?” आणि गंमत अशी की २६९टी मी त्याच आठवड्यात पहाटे वाचलं होतं. खाली लाल पेनने रेघही मारलेली आहे, पुस्तक आहे अजून.

त्यानंतर जानेवारी ते एप्रिल, सीझन नसताना, शांतपणे अभ्यास केला आणि मे २०२४ ला नव्या अभ्यासक्रमात पहिला ग्रुप निघाला. मग मे २०२५ ला दुसऱ्या ग्रुपचं काय झालं, तेव्हा कुठे सीझन होता, असं विचाराल. तेव्हा मुलगा आजारी होता. इनडायरेक्ट टॅक्सच्या पेपरात ६४, तेच ते तुम्ही मोजत बसलेलं एक्झेम्प्शन, आणि डायरेक्टमध्ये ३७. वर्षभर ३सीडी भरणाऱ्या बाईला डायरेक्ट टॅक्समध्ये ३७. हसा.

माझे वडील मार्केट यार्डात एका पेढीवर एकतीस वर्षं दिवाणजी होते. हळदीचे सौदे सुरू झाले की घरात कुणी लग्नाचं बोलणंही काढायचं नाही. माझी दहावीची परीक्षा सौद्यांच्या दिवसांत. पहिल्या पेपराला सगळ्यांचे वडील केंद्रावर, माझे पेढीवर. रात्री घरी आल्यावर बोटं हळदीने पिवळी, त्याच हाताने माझी प्रश्नपत्रिका उलटीसुलटी करून पाहायचे, इंग्रजी येत नव्हतं तरी. त्यांना कुणी ‘सौद्याची ढाल करतोस’ म्हटलं नाही. काम करणाऱ्या माणसाला एका वेळी एकच खातं नीट जुळवता येतं, हे त्या बिनशिकलेल्या यार्डातल्या माणसांना कळत होतं. सीए झालेल्यांना कळत नाही.

हे शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. राहू दे.

नवीन मुलं पुस्तकं मिटतील म्हणता. माझा ब्लॉग वाचून पुस्तक मिटणारं पोर क्रिकेटची मॅच लागली तरी मिटणारच होतं. आर्टिकलना (ऑफिसात काम शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्यांना) परीक्षेसाठी सुट्टी तरी मागता येते. माझ्यासारख्या पगारी माणसाने सप्टेंबरात सुट्टी मागितली तर सर देतीलही, पण मग माझ्या फाइली कोण करणार? दुसरी पगारी मुलगी, जिचाही एक ग्रुप राहिलाय.

कायदा बदलतोय, हो, पेपरात वाचलंय. एक्झेम्प्शनचं गणितही मला येतं. सप्टेंबर, जानेवारी, मे. तीन. मोजता येतात. त्यावर बोलायचं तर वेगळी पोस्ट लागेल, ती सवडीने.

भीतीचं म्हणाल, तर ती कुणाला नसते? पण भीती वाटणं आणि भीती लपवणं यात फरक आहे, आणि तो तुम्ही माझी एक पोस्ट वाचून चार बावन्नला ठरवायचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहिलंत तर बरं. सध्या १० डिसेंबरसाठीची चौदा रिटर्नं माझ्या टेबलावर आहेत आणि त्यातल्या एका पार्टीने बँक स्टेटमेंट म्हणून पासबुकाचे तिरके काढलेले फोटो पाठवलेत, ते उघडायला घेते. आणि जानेवारीचा फॉर्म भरला का, असं इथे कुणीही विचारायचं नाही.