परदेशातल्या एटीएमवरचा शेवटचा प्रश्न

परदेशात पोहोचल्यावर स्थानिक रोकड हवी म्हणून एटीएममध्ये कार्ड घातले, पिन दिला, रक्कम निवडली, की अनेक मशीनवर पैसे हातात येण्याआधी एक शेवटचा प्रश्न विचारला जातो: ही रक्कम तुमच्या स्वतःच्या देशाच्या चलनात वजा करायची का? सोबत 'हमीचा' म्हणून एक विनिमय दर दाखवलेला असतो. पहिल्या परदेश प्रवासात, रात्री उशिरा विमानतळावर उभी असताना, मी या प्रश्नाला होकार दिला. ओळखीच्या चलनातला आकडा समोर दिसतो आहे, म्हणजे हाच सुरक्षित पर्याय असणार, अशी माझी समजूत झाली. परतल्यावर खात्याचा उतारा आणि कार्ड कंपनीचा त्या दिवसाचा दर शेजारी ठेवून हिशेब केला, तेव्हा काढलेल्या रकमेच्या सुमारे ९ टक्के पैसे त्या एका होकारापायी गेल्याचे कळले. तेव्हापासून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले आहे की त्या प्रश्नाला नेहमी नकार द्यावा.

या सोयीला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' म्हणतात. नकार दिला की व्यवहार स्थानिक चलनातच नोंदवला जातो आणि रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होते, जो घाऊक बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक तिच्या दरपत्रकाप्रमाणे शुल्क लावते. होकार दिला तर दर एटीएम चालवणारी कंपनी ठरवते आणि त्यातला फरक ती व तिचे भागीदार ठेवतात. शिवाय काही बँका तरीही आपले परदेशी व्यवहाराचे शुल्क सोडत नाहीत. अडचण अशी की नकाराच्या बटणावर 'रूपांतराशिवाय पुढे जा' असे काहीसे लिहिलेले असते, आणि थकलेल्या माणसाला ते दाबले तर व्यवहारच रद्द होईल असे वाटते. तसे होत नाही, पैसे मिळतात. दुकानात किंवा हॉटेलात कार्ड मशीनवर हाच प्रश्न येतो, तेथेही उत्तर तेच द्यावे. कर्मचाऱ्याने आपल्याला न विचारताच परस्पर निवड केली असेल, तर तो व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करून मागण्यात काहीही गैर नाही.

युरोपीय संघाने २०१९ साली नियम केला आणि एप्रिल २०२० पासून अशा रूपांतरावरची वाढ युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत किती टक्के आहे, हे ग्राहकाला आधी दाखवणे बंधनकारक झाले. माझ्या मते हा नियम प्रत्येक देशाने करायला हवा, आणि टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष किती पैसे जादा जाणार तो आकडाही तितक्याच ठळकपणे दाखवायला हवा, कारण घाईत उभा असलेला माणूस टक्क्यांचा हिशेब करत बसत नाही.

चलन बदलून देणाऱ्या काउंटरवरची 'कमिशन नाही' ही पाटीही मी याच रांगेत बसवते. कमाई तेथे खरेदी आणि विक्री यांच्या दरांतल्या फरकातून होते. दोन्ही दर फलकावर शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यातली दरी जितकी रुंद तितका आपला तोटा मोठा. विमानतळावर ती बहुधा सर्वांत रुंद असते, म्हणून तेथे पहिल्या दिवसापुरतेच पैसे बदलावेत.

एटीएमचे स्वतःचे शुल्क ही वेगळी बाब आहे. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २०० बाहतहून अधिक शुल्क लागते, मग रक्कम लहान असो वा मोठी. अशा ठिकाणी थोडे थोडे पैसे वारंवार काढणे महाग पडते. क्रेडिट कार्डाने मात्र रोकड काढू नये, कारण त्यावर बहुतेक वेळा काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते. डेबिट कार्डे दोन असावीत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत.

घरून रोख डॉलर नेणाऱ्यांनी नोटा नीट पाहून घ्याव्यात. अमेरिकेत जुन्या नोटाही कायदेशीर चलनच आहेत, पण अनेक देशांतले काउंटर जुन्या मालिकेच्या, दुमडलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा नाकारतात किंवा त्यांना कमी दर देतात. घरात पडून राहिलेल्या परकीय नोटांचेही तसेच आहे: २० आणि ५० पौंडांच्या बँक ऑफ इंग्लंडच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, त्या बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घेता येतात.

उरलेल्या पैशांचा विचार निघण्याच्या दोन दिवस आधी करावा. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तेथे चलन बदलल्याच्या पावत्या जपून ठेवणे आवश्यक ठरते. नाणी तर बहुतेक काउंटर कोणत्याही देशात परत घेत नाहीत. मी ती शेवटच्या हॉटेलच्या बिलात आधी देऊन टाकते आणि उरलेली रक्कम कार्डाने, अर्थात स्थानिक चलनातच, भरते.