"त्यांचं ऑपरेशनच करून टाकावं": एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. (निवृत्त शिक्षक आहात असं लिहिलंत, म्हणून सरच म्हणते.)

एचआयव्ही असलेल्या बायकांना मूल हवं-नको याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: मूल होऊ देणं म्हणजे जाणूनबुजून एका जिवाला आजार देणं, सरकारनं या बायकांचं ऑपरेशनच करून टाकावं, आणि उद्या आई गेली तर त्या पोराकडे बघणार कोण? तुम्हाला पोराचीच काळजी आहे, हे मला कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या न चुकवता घेतल्या आणि बाळाला जन्मल्यापासून औषध पाजलं, तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि नियमित घेणारी बाई वर्षानुवर्षं धडधाकट जगते. पोराकडे तीच बघते.

ऑपरेशनचं म्हणाल, तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिला नीट समजावून, तिची संमती घेतल्याशिवाय करता येत नाही. आफ्रिकेतल्या नामिबिया देशात कळा सुरू असताना सह्या घेऊन एचआयव्ही असलेल्या बायकांची नसबंदी केली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये त्या बायकांच्या बाजूनं निकाल दिला. कळा देणाऱ्या बाईच्या सहीला संमती कसं म्हणायचं, सर?

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. मूल नको असलेल्या बायकाही पुष्कळ आहेत, आणि त्यांनाही कुणी विचारत नाही. मी समुपदेशक होते तेव्हा आम्हीही "गोळी चुकली का?" एवढंच विचारायचो आणि निरोधची पाकिटं हातात ठेवायचो. नवरा वापरत नसेल तर? निरोध हवाच, पण भरवशासाठी सोबत तांबी किंवा इंजेक्शन घेता येतं, हे सांगायला हवं होतं. एचआयव्ही आहे म्हणून तांबी चालत नाही, हा गैरसमज तर नर्सबाईंकडूनही ऐकलाय. टीबीची औषधं चालू असतील तर मात्र गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

एक बाई आठवते. डबीतल्या गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून ती डबीत कापूस कोंबायची, कारण सासूला काही ठाऊक नव्हतं. त्याच सासूचा "पाळणा कधी हलणार?" हा धोशा रोजचा. तिला स्वतःलाही एक मूल हवं होतं, एकच. एचआयव्हीच्या तपासणीसाठी सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले तेव्हा बाळापेक्षा तीच जास्त रडली. पुढे अठराव्या महिन्याचा शेवटचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. तिनं तो चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवला, पोराला माझ्या मांडीवर दिलं आणि हळूच विचारलं, "ताई, आता तांबी कुठं बसवून मिळंल?"