मोबाईल फेकायचा आणि लिंबाखाली थांबायचं?

मृग जवळ आला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सोयाबीन काढणीच्या वेळी, परतीच्या पावसात, तो पुन्हा उगवतो. मजकूर थोडक्यात असा: ‘दोन ढग एकमेकांवर आदळले की वीज तयार होते. मोबाईल आणि लोखंड विजेला ओढतात, म्हणून मोबाईल बंद करून लांब ठेवा, विळा-कोयता फेकून द्या. पायात रबरी चप्पल असेल तर झाडाखाली निर्धास्त थांबा. एकदा वीज पडली त्या जागी पुन्हा पडत नाही. पायाळू माणसाला सोबत घेऊ नका. कुणावर वीज पडलीच तर हात लावू नका, शेणखताच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरा, अंगातली वीज उतरते. दहा जणांना पाठवा.’

देशात 2022 या एका वर्षात वीज पडून 2,887 माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यामुळे हा मेसेज नुसता हसून सोडून देण्यासारखा नाही.

ढगांच्या टकरीपासून सुरुवात करू. ढग म्हणजे पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण. दोन ढग भेटले तर एकमेकांत मिसळतात, आवाज काही होत नाही. आदळआपट होते ती ढगाच्या पोटात. मे महिन्यात दुपारभर रान तापतं, गरम दमट हवा वर चढते आणि संध्याकाळपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. वर, गोठणाऱ्या थंडीत, गारेचे कोवळे भुसभुशीत गोळे आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आपटत राहतात. हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड गोळे ऋण भार घेऊन मधल्या-खालच्या भागात राहतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या गारांनी आपल्याकडची उभी पिकं झोपवली, त्यांची ही पहिली अवस्था. भार फार साठला की हवा तग धरत नाही, फुटते; तीच वीज.

गडगडाट हा त्या फुटण्याचा आवाज. विजेच्या वाटेतली हवा क्षणार्धात 30,000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि स्फोटासारखी फाकते. वीज अनेक किलोमीटर लांब आणि वेडीवाकडी असल्यानं जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्याचा मागाहून, म्हणून तो एकदाच ‘धाड्’ न होता घरंगळत राहतो. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर. पण आकडेमोड करत बांधावर बसू नका. वीज पावसाच्या पट्ट्याबाहेर पंधरा किलोमीटरवरही पडू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलात.

आता मोबाईल. ढगातून निघालेली वीज साधारण पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे घेत खाली येते. कुठं पडायचं हे शेवटच्या शे-दीडशे मीटरमध्ये ठरतं. जमिनीवरच्या उंच, टोकदार, एकट्या वस्तूंमधून वर झेपावणारा भार तिला भेटतो आणि वाट पूर्ण होते. तुमच्या खिशात फोन आहे की चुन्याची डबी, यानं काही फरक पडत नाही. गुडघाभर सोयाबीनमध्ये साडेपाच फुटी माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते, खरा घोळ तिथं आहे. विळ्याचंही तेच. तो फेकलात काय आणि कमरेला ठेवलात काय, उंची तेवढीच. लांब लोखंडाचं मात्र वेगळं. तारेचं कुंपण आणि मोटारीची पाइपलाइन लांबवर पडलेली वीज तुमच्यापर्यंत आणू शकतात, त्यांच्यापासून दूर राहावं. फोन तर उलट जवळच हवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, आणि वेळ आलीच तर 108 ला कशावरून कळवणार?

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य चपलेचं. जी वीज काही किलोमीटर हवा, म्हणजे चांगला विद्युतरोधक, फोडून आली ती अर्ध्या इंचाच्या रबरापाशी थांबेल? त्यातून ती चप्पल काळ्या रानातल्या चिखलानं थबथबलेली, पावलावर चढलेली. एसटी बस सुरक्षित असते ती टायरमुळे नव्हे, चहूबाजूंच्या पत्र्यामुळे. वीज पत्र्यावरून बाहेरून उतरते. उघड्या ट्रॅक्टरला हे लागू नाही.

आणि झाड! बांधावरचा लिंब किंवा चिंच वीज आधी अंगावर घेते, हे खरं. पण खोडापेक्षा माणसाचं शरीर वीज सोपेपणानं वाहून नेतं, म्हणून ती मध्येच खोड सोडून शेजारच्या माणसावर उडी मारते. जी जमिनीत जाते ती बुंध्याभोवती पसरते, आणि जसजसं लांब जावं तसतसा तिचा दाब कमी होतो. दोन पाय फाकलेले असतील तर एका पायाखाली दाब जास्त, दुसऱ्याखाली कमी. वीज एका पायानं चढते, दुसऱ्यानं उतरते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, आणि मध्ये काळीज. झाडाखाली बांधलेली जोडी जागेवर जाते आणि मालक वाचतो, तेव्हा गाव म्हणतं, जनावरावर निभावलं. निभावलं खरं, पण पायांतल्या अंतरामुळे.

म्हणून पहिला गडगडाट ऐकताच पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बनीम, म्हणजे काढलेल्या पिकाचा ढीग, झाकायची राहिली म्हणून ताडपत्री घेऊन पळायचं नाही. भिजलेलं सोयाबीन वाळवता येतं. घर गाठणं शक्यच नसेल तर झाडापासून लांब, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये, घोळका करू नये. हा नाइलाजाचा उपाय आहे, संरक्षण नव्हे.

एकदा पडली तिथं पुन्हा पडत नाही? न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला वीसेक वेळा पडते.

पायाळूचा मुद्दा जरा चीड आणणारा आहे. जन्मताना आधी पाय आले की डोकं, हे विजेला कळायचं कारण नाही. पण पायाळू म्हणून आखाड्यातून, म्हणजे शेतातल्या निवाऱ्यातून, बाहेर काढलेला माणूस उघड्या रानात एकटा उभा राहतो. त्याच्यावर पडली की लोक म्हणणार, बघा, आम्ही म्हणत होतो!

राहिला खड्डा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, लावलाच पाहिजे. विजेच्या धक्क्यानं हृदय आणि श्वास थांबतात. हृदय कधीकधी आपोआप सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र गप्पच राहतं आणि हवेअभावी हृदय पुन्हा बंद पडतं. खड्डा खणून माणूस पुरण्यात जी मिनिटं जातात तीच त्याची असतात. त्याला उताणा निजवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबा, येत असेल तर तोंडानं श्वास द्या, दुसऱ्याला 108 लावायला सांगा. चौघांना वीज लागली आणि तिघं विव्हळत असतील, तर आधी निपचित पडलेल्याकडे जा. विव्हळणाऱ्यांचा श्वास चालू आहे.