गोगलगायींसाठी वेगळं नियतकालिक कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

गोगलगायी, शिंपले अशा मृदुकाय प्राण्यांच्या शोधनियतकालिकांवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: शंख मोजायचे, दात मोजायचे, नवी नावं द्यायची, एवढ्यासाठी स्वतंत्र नियतकालिक कशाला? महत्त्वाचं असेल ते जीवशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकांत येईलच.

‘येईलच’ हे मला मान्य नाही. मोठ्या नियतकालिकांना चकित करणारा निष्कर्ष हवा असतो. एखाद्या जातीचं नुसतं काटेकोर वर्णन ती सहसा छापत नाहीत, आणि रीतसर प्रसिद्ध झाल्याशिवाय जातीचं नाव प्राणिशास्त्रात ग्राह्य धरलं जात नाही.

अशा वर्णनाचं मोल किती, ते गोड्या पाण्यातल्या दोन गोगलगायींवरून कळतं. बुलिनस ट्रंकेटस माणसाला शिस्टोसोमियासिस हा पाण्यातून होणारा रोग देणाऱ्या परजीवीला आसरा देते. तिची जवळची नातलग बुलिनस ट्रॉपिकस त्या रोगाचा मूत्रमार्गाचा प्रकार देणाऱ्या परजीवीला आसरा देत नाही. दोघींचे शंख शेजारी ठेवले तर जाणकारही चाचपडतात. गुणसूत्रं मोजली की मग उलगडा होतो: ट्रॉपिकसमध्ये ३६, ट्रंकेटसमध्ये ७२. कुठल्या तळ्याचं पाणी धोक्याचं, हे ठरवताना हाच फरक कामी येतो. तुम्ही ज्याला ‘क्षुल्लक मोजमाप’ म्हणालात, ते हेच.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावर पार्टुला नावाच्या चिमुकल्या गोगलगायी झाडांवर राहायच्या. हेन्री क्रॅम्प्टन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी दरीदरीत फिरून त्यांचे शंख गोळा केले, कुठले डावीकडे वळलेले आणि कुठले उजवीकडे, हेसुद्धा नोंदवलं आणि १९३२मध्ये ते सगळं ग्रंथरूपात छापलं. पुढे पिकं खाणाऱ्या महाकाय आफ्रिकी गोगलगायीला आवर घालायला म्हणून १९७७मध्ये युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय तिथे सोडली गेली. तिने पार्टुलांचाच फडशा पाडला; दहा-बारा वर्षांत मोरेआच्या रानातून त्या नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांत जगवल्या गेल्या, म्हणून आता पुन्हा रानात सोडता येताहेत. पण कुठल्या दरीत कोण होतं, हे सांगायला क्रॅम्प्टनसारख्यांच्या नोंदीच आहेत. १९३२मध्ये त्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर पटेल असं उत्तर देता आलं नसतं. प्रत्येकाच्या हातून असा जाडजूड ग्रंथ होत नाही. कुणाकडे एका ओढ्यातल्या चारच शंखांची नोंद असते, आणि ती टिकवायची जागा म्हणजे ही नियतकालिकं.

या लेखांना वाचक कमी आणि इतर लेखांत त्यांचे संदर्भही कमी, हा तुमचा मुद्दा आकड्यांपुरता खरा आहे. पण वर्गीकरणातला लेख जुना झाला म्हणून बाद होत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं वर्णन आजही पुन्हा उघडावं लागतं.

लेख पैसे भरल्याशिवाय वाचता येत नाहीत, ही तुमची तक्रार मात्र मला पूर्ण पटते. जुन्या अंकांपुरता त्यावर उपाय आहे: १८८६मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेल्या ‘द नॉटिलस’ या अशाच एका नियतकालिकाचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातला कुठलाही एक चाळा आणि मग पुन्हा लिहा. मला या विषयावर तुमच्याशी अजून बोलायचं आहे.