गाडी ही तिजोरीत ठेवायची वस्तू नाहीये

आज दुपारी एका ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे जपानची गाजलेली स्पोर्ट्स कार, त्यातली आर३४ (आर३२, आर३३, आर३४ ही तिच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांची नावं). सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, कारखान्यातून निघाली ती थेट गोदामात, आणि आता लिलावाला. खाली सगळ्यांच्या प्रतिक्रिया काय, तर "शेअर मार्केटपेक्षा भारी", "तेव्हा दोन घेऊन ठेवायला पाहिजे होत्या", "अजून पाच वर्षं थांबा, डबल होईल". तेव्हापासून डोकं फिरलंय. मोठं होणार आहे हे, वेळ असेल तर वाचा.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत १९८८ साली एक कायदा झाला, तिथल्या सेफ्टीच्या नियमात न बसणारी गाडी खाजगी माणसाला बाहेरून सहजासहजी आणता येईना. पण गाडी २५ वर्षांची झाली की ती अट सुटते, आणि हे अगदी महिना धरून मोजतात. आता स्कायलाइन जीटी-आर निस्सानने अमेरिकेत कधी विकलीच नव्हती. तिथल्या एका अख्ख्या पिढीने ती व्हिडिओ गेममध्ये आणि सिनेमात बघितली, भिंतीवर पोस्टर लावली, आणि मग ती पोरं मोठी झाली, कमवायला लागली, आणि तारखेची वाट बघत बसली. आर३२ ऑगस्ट १९८९ ला आलेली, म्हणजे २०१४ ला अमेरिकेत न्यायला मोकळी. आर३३ २०२० ला. आर३४ जानेवारी १९९९ ची, म्हणजे जानेवारी २०२४ ला. दर वेळी तारीख जवळ आली की भाव आधीच चढलेले, कारण व्यापारी लोक गाड्या घेऊन जपानमध्येच गोदामात लावून ठेवतात आणि दिवस भरले की बोटीत घालतात. त्यात येन पडला, २०२४ मध्ये डॉलरला १६० च्या वर गेला, मग काय, डॉलरवाल्यांना सगळं अजूनच स्वस्त.

हे सगळं मी लांबून वाचून सांगत नाहीये. जपानमध्ये कामाला होतो तेव्हा आमच्या टीममध्ये एक सीनियर होते, नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्यांच्याकडे आर३२ जीटी-आर होती, गनमेटल रंगाची. नवी असताना ४४ लाख ५० हजार येनला मिळायची ही गाडी, यांनी जुनी घेतली तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं, साध्या फॅमिली गाडीच्या पैशात मिळाली. एका रविवारी पहाटे मला घेऊन गेले. गाडी चालू केली आणि हलवेचनात. मला वाटलं काही बिघडलं. त्यांनी मधल्या छोट्या मीटरकडे बोट दाखवलं, ऑईल गरम व्हायला लागेपर्यंत वाट बघायची, आणि पुढचे कितीतरी किलोमीटर अगदी हळू, गोगलगायीसारखं, काटा वर येईपर्यंत. मग घाट लागला. वळणातून बाहेर पडताना त्यांनी पाय दिला आणि म्हणाले, "तो काटा बघ." त्या गाडीत पुढच्या चाकांना किती ताकद जातेय ते दाखवणारा वेगळा मीटर आहे. मागची चाकं किंचित सुटली की काटा फडफडून वर जातो आणि त्याच क्षणी गाडी पुढून खेचली जाते, सरळ होते. १९८९ ची गाडी! हे मला आजही शब्दात नीट सांगता येत नाही. नुसत्या फोटोवरून तर कोणालाच कळणार नाही.

परत येऊन एका पार्किंगला चहा घ्यायला थांबलो, पाच मिनिटांत आलो तर वायपरखाली कार्ड. तुमची गाडी विकत घेऊ, रोख पैसे, फोन करा. त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उघडला, आत अशा कार्डांचा गठ्ठा. म्हणाले, कधीतरी फोन केला होता एकाला, गंमत म्हणून. त्याने पहिला प्रश्न काय विचारला तर किलोमीटर किती.

हा जो प्रश्न आहे ना, सगळं इथेच बिघडलंय. त्यांची गाडी पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली, पण टायमिंग बेल्ट वेळेवर बदललेला, वॉटर पंप नवा, मूळ टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आतली सिरॅमिकची चाकं हवेचा दाब वाढवला की तुटतात म्हणून टर्बो बदललेले, प्रत्येक कामाची पावती एका जाड फाइलमध्ये तारखेने लावलेली. आणि बाजारात हिची किंमत त्या गाडीपेक्षा कमी जी १५ वर्षं हललेली नाही. ज्याने कधी गाडीखाली हात काळे केलेत त्याला विचारा उभी राहिलेली गाडी म्हणजे काय असतं. रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, टाकी आतून गंजते, ब्रेकचे पिस्टन अडकतात, टायर एका बाजूला चपटे होतात. वरून पॉलिश मारलं की फोटोत मात्र फर्स्ट क्लास. त्यात स्कायलाइनचा मूळ मीटर १८० पर्यंतच, त्यामुळे किती जणांनी वरपर्यंत दाखवणारे निस्मोचे (निस्सानचीच रेसिंगवाली कंपनी) मीटर बसवले, मग तो किलोमीटरचा आकडा खरा कशावरून? आणि मीटर मागे फिरवणारे वेगळेच. तरी लोक त्या आकड्यावर लाखो ओततायत.

आणि हे फक्त जपानी गाड्यांचं नाही. २०१८ मध्ये पोर्शने स्वतः काय केलं, एअर-कूल्ड (इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या) ९११ ची शेवटची पिढी म्हणजे ९९३, ती १९९८ ला बंद झालेली, तिची एक उरलेली बॉडी काढून त्यावर एक सोनेरी टर्बो बनवली आणि लिलावात ३१ लाख डॉलरला विकली. रस्त्यावर तिची नोंदणीच होऊ शकत नाही! पैसे धर्मादाय कामाला गेले, ते ठीक, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कंपनीच जर रस्त्यावर न येणारी गाडी सोन्याच्या रंगात विकायला लागली तर बाकीच्यांनी काय शिकायचं त्यातून?

होंडाची एनएसएक्स ही सुपरकार घ्या. १९९० ची. सगळी बॉडी ॲल्युमिनियमची, आणि फॉर्म्युला वनवाल्या आयर्टन सेनाने सुझुकाच्या रेसट्रॅकवर चालवून बघून सांगितलं म्हणून ती अजून कडक केली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या गाडीची खरी कमाल काय होती? ती रोज चालवता यायची. इटालियन सुपरकार सारखी गॅरेजला पडून नसायची, काचेतून चारी बाजूंचं दिसायचं, ट्रॅफिकमध्ये त्रास द्यायची नाही. तिचे मुख्य इंजिनियर शिगेरू उएहारा आणि त्यांच्या टीमने एवढा जीव काढला तो ती रोज वापरता यावी म्हणून, आणि आता लोक ती कव्हर घालून ठेवतात कारण दर किलोमीटरला किंमत कमी होते. त्याच उएहारांनी पुढे होंडाचीच एस२००० ही स्पोर्ट्स कार केली, दोन लिटरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं. ते ९००० ऐकायला चालवावीच लागते, दुसरा मार्गच नाही.

आता कोणीतरी म्हणेल, पण या मागणीमुळेच गाड्या वाचल्या. हो, मान्य. निस्सानने २०१७ च्या शेवटी आर३२ चे बंद झालेले पार्ट परत बनवायला घेतले, माझदाने जुन्या रोडस्टरचं (त्यांची छोटी, उघड्या टपाची गाडी) रिस्टोरेशन सुरू केलं, टोयोटाने सुप्रा या त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे पार्ट काढले, आणि हे भाव पडलेले असते तर कोणीही केलं नसतं. एवढं मान्य. आणि जपान सरकारचंही कौतुक करायला नको, १३ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला साधारण १५ टक्के जास्त टॅक्स, आणि २००९ मध्ये तर जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्या, अडीच लाख येन देतो म्हणाले. किती चांगल्या गाड्या तेव्हा दाबून लोखंड झाल्या असतील, विचार केला तरी पोटात कालवतं.

पण मग ज्यांनी त्या वाईट काळात या गाड्या सांभाळल्या त्यांचं काय? आमचे सीनियर दर वर्षी तो जास्तीचा टॅक्स भरत होते, दर दोन वर्षांनी इन्स्पेक्शनला घालत होते, बायकोची बोलणी खात होते. तेव्हा कुठे होते हे इन्व्हेस्टमेंटवाले? गाडीला भाव आला आणि त्याबरोबर काय आलं माहितीये, चोर आले. रात्री उचलतात, कुठल्यातरी यार्डात पत्र्याच्या कुंपणामागे तुकडे करतात आणि कंटेनरमध्ये भरतात. सीनियरनी स्टीअरिंगला लॉक, चाकाला लॉक, गाडीत ट्रॅकर, पुढे दुसरी गाडी आडवी लावायची, सगळं केलं. शेवटी शेवटी रात्री उठून खिडकीतून बघायचे. गाडी आनंदासाठी घेतली होती हो त्यांनी.

आमच्याच टीममध्ये एक नवीन पोरगा होता, कॉलेजमधून नुकताच आलेला. जेवणाच्या सुट्टीत सेकंडहँड गाड्यांच्या साइटवर. त्याला आर३२ हवी होती, जीटी-आर पण नाही, तिचीच साधी, स्वस्तातली आवृत्ती जीटीएस-टी चालली असती. पगारातून पैसे बाजूला टाकायचा आणि भाव त्याच्या पुढे पळायचा. जीटी-आर आवाक्याबाहेर गेली म्हणून लोक जीटीएस-टीकडे वळले, ती महागली, मग हा निस्सानचीच छोटी सिल्व्हिया बघायला लागला, तीही महागली. शेवटी माझदा रोडस्टर, जी १९८९ ला १७ लाख येनला काढलीच होती तरुण माणसाला परवडावी म्हणून, तिचेही भाव चढलेले. ज्या गाड्या ज्या वयाच्या मुलांसाठी बनवल्या त्याच मुलांना आता त्या फक्त योकोहामाच्या दाइकोकू पार्किंगला, जिथे गाडीवेडे जमतात, जाऊन बघायच्या.

सीनियरनी शेवटी गाडी विकली. गुडघा दुखायला लागला, क्लच जड, आणि चोरीची भीती. टीममधल्या त्या नवीन पोराला द्यायची फार इच्छा होती त्यांची, पण एक्स्पोर्टरने जो आकडा सांगितला त्याच्या जवळपासही तो जाऊ शकत नव्हता, आणि रिटायरमेंट तोंडावर आलेल्या माणसाने तेवढे पैसे सोडावेत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांची गाडी, त्यांचा हक्क. मी त्यांना एका शब्दानेही दोष देत नाही. मला राग कशाचा येतो सांगू? तो माणूस गाडी न्यायला आला, मीटरचा फोटो काढला, चासी नंबरचा फोटो काढला, मूळ व्हील आहेत का विचारलं. सीनियरनी ती फाइल पुढे केली तर म्हणाला, "नको, राहू दे, याची गरज नाही." एवढ्या वर्षांची फाइल! शेवटी त्यांनी ती स्वतः डिकीत ठेवली, वरून एक कागद लावला, इंग्रजीत, त्याच पोराकडून लिहून घेतलेला, की ऑईल गरम होऊ द्या मग चालवा. मी तिथे उभा होतो. मला बोलवेना.

आणि हे परदेशी विरुद्ध जपानी असं अजिबात नाहीये, उगाच तसं वाचू नका. अमेरिकेतला एक जण आहे, मी त्याचे व्हिडिओ बघतो, सुरुवातीलाच आर३२ नेली, बर्फात चालवतो, मीठ लागतं म्हणून खालून धुतो, स्वतः गॅस्केट बदलतो, रस्त्यात बंद पडली तर तेही दाखवतो. अशा माणसाकडे गाडी गेली तर ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी मला आनंदच आहे, खरंच. सीनियरची गाडी अशाच कोणाकडे गेली असेल असं मी स्वतःला सांगतो. 'फास्ट अँड फ्युरियस' सिनेमात पॉल वॉकरने (तो नट आता हयात नाही) चालवलेली निळी आर३४ २०२३ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली, त्याचंही मला एक वेळ समजतं, त्यात लोकांच्या त्या माणसाबद्दलच्या भावना आहेत. पण प्लास्टिक न काढलेल्या सीटमध्ये कसल्या भावना? तिथे कोणी बसलेलंच नाही.

आता २०२७ येतंय. माझदाची आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार आणि आर३४, दोन्ही २००२ ला बंद झाल्या, म्हणजे शेवटच्या सगळ्या गाड्या आता मोकळ्या होणार. आरएक्स-७ ची शेवटची खास आवृत्ती, स्पिरिट आर, फक्त १५०० च्या आसपास बनली. रोटरी इंजिन आहे ते (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो), उभं ठेवून ठेवून कॉम्प्रेशन गेलं की मग रडत बसायचं. तुमच्यापैकी कोणी कधी अशी गाडी घेणार असाल, कुठल्याही देशात, तर विकणाऱ्याला आधी हे विचारा की शेवटची कधी चालवलीस, बेल्ट कधी बदललास, कोणाकडे काम करतोस, कागद दाखव. किलोमीटर नंतर विचारा. आणि विकणार असाल आणि पैशाची नड नसेल, तर आधी ओळखीतल्या एखाद्या पोराला फोन करून बघा, निदान एक फोन.

खाली रिटर्नचे हिशोब टाकू नका, मी उत्तर देणार नाही. गाडी चालवत असाल तर तिचा फोटो टाका, चिखलाने भरलेली असली तरी चालेल, उलट तशीच टाका.