दोन दाव्यांचं वासरू

माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे असं मी सांगतो. परभणीत त्यावर दोन प्रकारे बोललं जातं. जुने लोक म्हणतात, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" नवी पोरं गाडीभोवती एक चक्कर मारून विचारतात, "सर, छत चोरीला गेलं का?"

कागदोपत्री ती 1965 ची स्टँडर्ड हेराल्ड आहे. इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेराल्डची मद्रासला बांधलेली आवृत्ती, दोन दारं. पण हेराल्डचीच चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून 1962 साली इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर निघाली, आणि ती अस्सल स्पोर्ट्स कार. म्हणजे माझी गाडी स्पिटफायरची थोरली बहीण झाली. थोरली संसाराला लागली, धाकटी शर्यतीत गेली, एवढाच फरक. शिवाय हेराल्डचं छत बोल्टांवर बसवलेलं असतं. ते मी काढून गच्चीवर ठेवलं. सध्या त्याच्याखाली मांजर व्यायली आहे.

छत गेलं तरी गाडी टांग्यासारखी उंचच दिसायची. म्हणून पुढच्या स्प्रिंगांचं दीड-दीड वेटोळं कापून घेतलं, मागच्या आडव्या पाट्याच्या स्प्रिंगचंही काहीबाही केलं आणि गाडी दोन इंच खाली बसवली. दिसायला काय दिसली म्हणता! बायको दारातून एवढंच म्हणाली, "अहो, आता हिच्यात बसायचं की हिला नेसायचं?"

पहिल्याच दिवशी गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. आमच्याकडचे रस्ते काळ्या मातीवर. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर बिचारं तिच्या मर्जीने वरखाली होतं. कॉलेजात तीस वर्षं मी हेच शिकवलं. पण अशा लाटेवर चाक चढलं की गाडी आपली आपण डावीकडे झेपावते, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. स्टिअरिंग सरळ धरलेलं, हात घट्ट, आणि गाडी मात्र थेट शेंगावाल्याच्या गाड्याकडे. पुढच्या लाटेला उजवीकडे. समोरून उसाची ट्रॉली. त्या दिवशी मला मारुतीस्तोत्र अजून पूर्ण पाठ आहे, हे कळलं.

घरी आलो तर निदान तयार होतं. मेहुणा म्हणाला, "अलाइनमेंट." शेजारी म्हणाले, "अलाइनमेंट." दूधवाल्यानेही चरवी खाली ठेवून तेच सांगितलं. मी तीनदा अलाइनमेंट करून घेतली. तिन्ही वेळा संगणकावर सगळं हिरवंगार, आणि तिन्ही वेळा पैसे रोख.

शेवटी जुन्या गाड्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या उस्तादांकडे गेलो. हेराल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि मिस्त्रीला चक्क टायरवर बसून काम करता येतं. उस्ताद टायरवर बसले, चहा मागवला आणि खाली वाकून म्हणाले, "स्प्रिंगा कापलाव का?"

"थोड्या."

"मग मशीनला काय दोष देता सर? गाडी उभी असली की शहाणीच असती. हालली की घराणं दाखवती."

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्या पुस्तकाने समजावलं नसतं. समजा, एका वासराला दोन दावी आहेत, दोन वेगळ्या खुंट्यांना बांधलेली. एक दावं म्हणजे चाक धरणारा आर्म, दुसरं म्हणजे स्टिअरिंगचा टाय रॉड, चाक वळवणारी दांडी. चाक वर गेलं की दोघंही आपापला गोल काढतात. खुंट्यांची उंची आणि दाव्यांची लांबी जमलेली असली तर वासरू सरळ उभं राहतं. तुम्ही गाडी खाली बसवली की दोन्ही दाव्यांचे कोन बदलतात, गोल जुळेनासे होतात, एक दावं दुसऱ्याच्या आधी ताणतं आणि वासराची मान वळते. कुणी वळवली? कुणीच नाही. इंग्रजीत याला बंप स्टिअर म्हणतात. उस्ताद त्याला 'मान टाकणं' म्हणतात आणि तेच बरं आहे.

उपाय म्हणजे खुंटा हलवायचा. टाय रॉडचा खुंटा म्हणजे स्टिअरिंगचा रॅक, दोन्ही टाय रॉड ढकलणारी आडवी दातेरी दांडी. त्याच्याखाली पट्ट्या घालून तो वर घ्यायचा. किती, ते मोजून. मोजण्याचं काम मी अंगावर घेतलं, कारण उस्तादांना लग्नाला नांदेडला जायचं होतं.

पुढचा स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर काढला, म्हणजे चाक जॅकवर अलगद वरखाली होतं. स्टिअरिंग जुन्या साडीच्या काठाने करकचून बांधलं. हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, लेझर पॉइंटर समोर रोखून बसवला. समोर पाच मीटरवर हॉलची भिंत, दिवाळीलाच रंगवलेली. एवढ्या अंतरावर चाक एक अंश वळलं तर ठिपका जवळपास नऊ सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे लबाडी लपत नाही. जॅक एकेक इंच उचलायचा आणि पेन्सिलीने ठिपका मारायचा. सरळ वर गेला तर गाडी गुणी. माझा ठिपका चार इंचांच्या उचलीत आठ सेंटिमीटर आडवा गेला.

इथे मी विद्वत्ता दाखवली. रॅकखाली आधीच्या कुणा मालकाने एक तीन मिलीमीटरची पट्टी घातलेली दिसली. मूळ गाडीत असली भेसळ नसणार, म्हणून ती काढून टाकली. ठिपका बारा सेंटिमीटर गेला आणि देवघराच्या चौकटीवर चढला. बायको म्हणाली, "गाडीची कुंडली मांडताय ना? मग यात तुमचा मृत्युयोग कुठाय तेही बघा."

मुकाट्याने पट्टी परत घातली. पुन्हा आठ. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून तशाच चार करून आणल्या, दोन्ही बाजूंना पुरतील अशा. एक वाढवली, चार सेंटिमीटर. दुसरी वाढवली आणि ठिपका भिंतीवर ओळंबा सोडल्यासारखा चढला, वरच्या टोकाला जेमतेम नखाएवढा कलला. दुसऱ्या चाकाला हेच सगळं पुन्हा केलं. दरवेळी पट्टी बदलली की टो-इन, म्हणजे चाकांची नाकं किंचित आत वळवण्याचं माप, नव्याने लावावं लागतं, हे मला सगळं जोडून झाल्यावर आठवलं. त्या रात्रीबद्दल जास्त लिहीत नाही.

रविवारी उस्तादांना शेजारी बसवून गंगाखेड रस्त्याला गेलो. त्याच लाटा, तोच शेंगावाला. मी दोन बोटांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि गाडी वारकऱ्यासारखी नाकासमोर चालली होती. शेंगावाल्याने मात्र सवयीने गाडा मागे घेतला.

परतताना आमच्या गल्लीत वळलो. तिथे लोकवर्गणीतून घातलेला एक स्पीड ब्रेकर आहे. त्या वर्गणीत माझेही पाचशे आहेत. पुढची चाकं अलगद पलीकडे उतरली, आणि मग खालून असा आवाज आला की गच्चीवरची मांजर खाली आली. चेसिस टेकली. गाडी ना पुढे, ना मागे. पोरं जमली, बायको दारात आली, मेहुण्याने "अलाइनमेंट!" म्हणून हाळी दिली.

उस्ताद खाली उतरले, चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटून गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं.

"सर, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "सुतासारखी सरळ अडकलीय."