ससा : शब्द एक, जनावरं दोन

गेल्या महिन्यात धाकट्या भावानं एक व्हिडिओ पाठवला. रात्रीची वेळ, पिकअप गाडीच्या हौद्यात उभी दोन माणसं, एकाच्या हातात झोताचा मोठा दिवा, दुसऱ्याच्या हातात बंदूक. झोत फिरेल तिथं गवतात सशांचे डोळे चमकतात आणि एकामागून एक गोळ्या सुटतात. खाली मराठीत ओळ होती : 'ऑस्ट्रेलियाचा शेतकरी पीक खाणाऱ्याला असा धडा शिकवतो, आपला शेतकरी पंचनाम्याची वाट बघतो.' मागोमाग त्याचा फोन. "आक्का, खरं हाय काय गं? तिथं सशाला मारायला परवानगी लागत न्हाई म्हणं."

खरं आहे. मी चौदा वर्षं व्हिक्टोरिया राज्यात जिलाँग शहराजवळ राहते, एका द्राक्षमळ्यात काम करते. इथं रानटी ससा कायद्यानंच उपद्रवी आहे. १९९४ च्या इथल्या कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीतले ससे आटोक्यात ठेवणं हे जमीनमालकाचं कर्तव्यच आहे. मारायला मुभा आहे, एवढंच नव्हे, नाही मारले तर नोटीस येऊ शकते.

पण भावाच्या प्रश्नामागं दुसरा प्रश्न होता. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावात एक निवेदन तयार होतंय. रानडुक्कर, माकड, साळिंदर, ससा, या सगळ्यांना उपद्रवी ठरवा आणि शेतकऱ्याला मारायची मोकळीक द्या, अशी मागणी आहे. त्याला जोडायला ऑस्ट्रेलियाचा दाखला हवा होता, आणि घरातलं माणूस इथं असल्यामुळं माझ्याकडून खात्री करून घ्यायची होती. ती खात्री मी दिली नाही. का दिली नाही, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

घोळ आपल्या शब्दापासून सुरू होतो. मराठीत ससा म्हटलं की कोल्हापुरात पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात असतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससाही आला आणि पन्हाळ्याच्या मसाई पठारावर कुसळी गवतातून सुटतो तो तपकिरी ससाही आला. ही दोन वेगळी जनावरं आहेत. ऑस्ट्रेलियात जो माजलाय तो पहिल्याच्या जातीचा, युरोपातून आणलेला. तो जमिनीत बिळं करून वसाहतीनं राहतो. महिन्याभरात मादी विते, चार-सहा पिल्लं होतात, ती आंधळी आणि बिनकेसाची. वर्षात अशी अनेक वेतं, आणि चार महिन्यांची पोर स्वतः आई होते.

आपला रानातला ससा बिळ करत नाही. गवतात अंग मावेल एवढा खळगा करून एकटा बसतो. त्याच्या मानेवर मागं काळा पट्टा असतो, तीच त्याची ओळख. पिल्लं एक-दोन-तीन, पण जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे. कोल्हा, बिबट्या, गरुड, घुबड, सगळ्यांच्या पोटाला तो लागतो. बाहेरून येऊन माजलेलं ते जनावर आणि आपल्या माळाचं हे जनावर एकाच नावाखाली निवेदनात घातलं, तर इथला एकही दाखला तिथं लागू होत नाही.

इथली गोष्ट कुठं सुरू झाली ती जागा माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. विंचेल्सी गावाजवळ बार्वन पार्क नावाची जहागीर. तिथल्या थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं १८५९ च्या नाताळात इंग्लंडहून आलेले दोन डझन ससे रानात सोडले. हेतू एकच, पाहुण्यांना शिकारीची मजा. १८६७ साली इंग्लंडचा राजपुत्र आला, त्यानं तिथं ससे मारल्याची नोंद आहे. काळ्या दगडाचा तो वाडा आजही उभा आहे, मी मुलांना घेऊन जाऊन आलेय. पन्नास वर्षांत ते जनावर जवळजवळ सगळा खंड चालून गेलं.

तिथं उभी असताना मला आपला इतिहास आठवत होता. कोल्हापूर संस्थानातही शिकारीचा शौक होता, चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवायचे. त्या चित्त्याचं काय झालं? १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट आपल्या माळावर आता कुणाला दिसतं? इथं शिकारीसाठी सोडलेलं वाढत गेलं, आपल्याकडं शिकारीसाठी होतं ते संपत गेलं. धोरण ठरवताना हा फरक सोडून चालणार नाही.

आता बंदुकीचं. इथल्या सशांना बंदुकीनं कधीही हटवलेलं नाही. शंभर वर्षं लोकांनी फासे लावले, कुत्री सोडली, गोळ्या घातल्या. सरकारनं डोक्यामागं पैसे देऊन पाहिलं, तर पकडणाऱ्यांनीच पुढच्या हंगामासाठी माद्या राखून ठेवल्या. त्यांचं पोट सशावर होतं, ते सशाला संपवतील कसे? १८८७ साली न्यू साउथ वेल्सनं उपाय शोधणाऱ्याला २५ हजार पौंडांचं बक्षीस लावलं. पाश्चरनं पॅरिसहून भाच्याला कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू घेऊन पाठवलं, तेही जमलं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९०१ ते १९०७ या काळात १,८३३ किलोमीटरची जाळी उत्तर-दक्षिण घातली. ती पुरी होण्याआधीच ससे पलीकडं पोचले होते.

संख्या खरी घटली ती रोगानं. १९५० मध्ये मिक्सोमाटोसिसचा विषाणू सोडला. तेव्हा देशात अंदाजे ६० कोटी ससे होते, दोनेक वर्षांत ते १० कोटींवर आले. मग उरलेल्यांत प्रतिकारशक्ती आली. १९९५ मध्ये वॉर्डांग बेटावर चाचणी चाललेला दुसरा विषाणू तिथून निसटला आणि माश्यांबरोबर मुख्य भूमीवर पसरला. २०१७ मध्ये त्याचा नवा वाण मुद्दाम सोडला. तरीही आज हेक्टरी एखादा ससा असला तरी इथली काही देशी झाडं रोपातून वर येत नाहीत. व्हिडिओतली ती दोन माणसं शेवटची साफसफाई करत होती, किंवा हौस भागवत होती. तेवढ्यावर शेत वाचत नाही, हे इथला कुठलाही शेतकरी सांगेल.

काय केल्यानं वाचतं ते मी दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत पाहिलं. इथं तो उन्हाळ्याचा शेवट, जमीन कोरडी, वितीचा हंगाम सरलेला. आमच्या मळ्याला लागून एका म्हाताऱ्या मेंढपाळाची जमीन आहे, त्यापुढं सरकारी ओढा-जंगल. तिघांच्या हद्दीवर सशांची मोठी वसाहत होती, बिळांची साठेक तोंडं तरी मोजली असतील. आधी दोन आठवडे ओट या धान्याचं आमिष, मग विषारी ओट. कुत्री बांधून ठेवा म्हणून फाटकाफाटकावर पाट्या. मग एके सकाळी ट्रॅक्टरला लांब दातांचा नांगर लावून वसाहत उभी-आडवी फाडली, हात-दीड हात खोल. मी फावडं घेऊन मागं होते, राहिलेली तोंडं बुजवायला. मातीला ओल्या कोंदट केसांचा वास होता. एका ढेकळाखाली घरटं निघालं, आईनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेली गादी, जुनी, रिकामी. हंगामाबाहेर काम का करायचं ते मला तेव्हा कळलं. दोन महिन्यांपूर्वी ते रिकामं नसतं.

मी ते काम मनापासून केलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. आमच्या नव्या द्राक्षवेलींना गुडघाभर उंचीच्या प्लास्टिकच्या नळ्या घालाव्या लागतात, नाहीतर सकाळी रोपाचा शेंडा सुरीनं तिरपा छाटल्यासारखा कापलेला असतो. कुणी मला इथल्या सशाची दया शिकवायला आलं, तर मी त्याला ती रोपं दाखवीन.

पण त्याच मनानं मी गावाकडच्या सशाची बाजू घेते. त्यात मला विसंगती वाटत नाही.

आमच्या घरात ससा खाल्ला जायचा, हे लपवत नाही. वडील आणि चुलते रात्री बॅटऱ्या आणि दोन कारवानी कुत्री घेऊन माळावर जायचे. कधी जाळं लावायचे. पहाटे सशाचं मटण चुलीवर असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा चौथ्या परिशिष्टात होता, म्हणजे परवान्याशिवाय शिकार तेव्हाही गुन्हाच होती, फक्त गावात कुणी ते मनावर घेत नव्हतं. पण एक आठवतं. त्या मटणाला बसलेला एकही माणूस कधी म्हणाला नाही की आज शेत वाचवलं. ससा चवीसाठी मारायचे, हौसेसाठी मारायचे. भुईमुगाचे चार शेंडे खाल्ले म्हणून सशाला वैरी कुणी ठरवलं नव्हतं. ससेहोलपट हा शब्द आपण माणसाच्या हालासाठी वापरतो. कुत्र्यांपुढं पळणाऱ्या सशाची तगमग पाहिल्याशिवाय असा शब्द भाषेत येत नाही.

मी भावाला विचारलं, "शेवटचा ससा कधी बघितलास रे?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "दोन वर्सं झाली असतील. रातीचं पाणी पाजाय गेल्तो तवा."

"मग औंदा भुईमूग कुणी खाल्ला?"

"डुकरानं. आनि ऊस गव्यानं मोडला."

हे त्याला माहीत असणारच. डुकरानं मुसंडी मारून उकरलेलं वावर, गव्याच्या कळपानं आडवा पाडलेला ऊस आणि सशानं कुरतडलेला शेंडा यांतला फरक ओळखायला शेतकऱ्याची चूक होत नाही. राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचं, राज्यातलं पहिलं. तिथले गवे आता कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येतात. आजरा-चंदगडला हत्ती आहेत. हे नुकसान खरं आहे, मोठं आहे. भाऊ वर्षातले तीन महिने माळ्यावर बसून डबा वाजवत राखण करतो. गेल्या साली त्याचं वीस गुंठे भुईमुगाचं रान एका रात्रीत गेलं. पंचनाम्याला माणूस यायला नऊ दिवस लागले, तोवर पावसानं उकरलेल्या खुणाही बुजल्या. पुढं जी रक्कम आली तिच्यात बियाण्याचा खर्चही निघाला नाही.

म्हणून शहरातून 'प्राण्यांच्या घरात तुम्ही घुसलात' असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. आमचं रान माझ्या पणजोबांनी कसलंय. पुण्यात बसून जीवदया सांगणाऱ्या माणसानं आधी श्रावणातली एक रात्र त्या माळ्यावर काढावी. राखणीला कुणी वाली नसला की काय होतं तेही मी पाहिलंय. लोक कुंपणात वीज सोडतात, गावठी बॉम्ब पेरतात. आमच्या शेजाऱ्याच्या कुत्र्यानं असला गोळा चावला होता. त्याचा जबडा मी विसरू शकत नाही.

तरीही 'सगळ्यांना मोकळीक द्या' हे उत्तर नाही. बंदुकीचंच घ्या. इथं माझ्या शेजाऱ्याची जमीन चारशे हेक्टर. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर गावी बंदुकीनं झालेल्या हत्याकांडानंतर इथले परवाने फार कडक झालेत, आणि गोळीच्या पलीकडं माणूस नाही याची खात्री करूनच झाडतात. सशाला वापरतात ती साधी बावीस बोअरची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्या गावात दीड किलोमीटरमध्ये शंभर जणांची वावरं येतात. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळं त्या शंभरांतले दहा-वीस जण बॅटरी घेऊन उसात पाणी पाजत असतात. तिथं झोतात चमकलेल्या डोळ्यांवर गोळी कुणी झाडायची?

आणि आपल्या वन्यजीव कायद्यात वाट नाही असंही नाही. कलम ११ खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी देता येते. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखाद्या जातीला उपद्रवी ठरवू शकतं. बिहारमध्ये नीलगायीसाठी, हिमाचलमध्ये माकडांसाठी ते झालेलं आहे. कोणतं जनावर, कुठं, किती काळ, हे सांगावं लागतं. आमच्या गावानं डुकराचं नाव घ्यावं, हंगाम सांगावा, गट नंबर जोडावेत. त्या मागणीवर मी सही करीन. यादी लांबवली की मागणीचं वजन जातं, आणि नाही म्हणणाऱ्याला 'हे तर ससाही मारायला निघालेत' एवढं एक वाक्य पुरतं.

ऑस्ट्रेलियातून घ्यायचंच असेल तर मी त्या फेब्रुवारीतली गोष्ट घेईन. तीन मालक, एकच दिवस. म्हातारा मेंढपाळ आला, आम्ही आलो, आणि ओढा-जंगल सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा माणूसही स्वतःचं विष आणि स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला. एकानं केलं आणि दुसऱ्यानं नाही, तर महिन्यात पुन्हा तेच, हे तिघांनाही माहीत होतं. आमच्या गावात हद्दीच्या अलीकडचा सगळा भार शेतकऱ्यावर आणि पलीकडून जनावर आलं तर उत्तरदायी कुणी नाही. निवेदनात बंदुकीच्या आधी हे यायला हवं. जंगलाच्या हद्दीवर चर आणि सौर कुंपण, त्याच्या देखभालीची जबाबदारी लिहून घेतलेली, आणि तीन दिवसांत पंचनामा.

काल भावानं कच्च्या निवेदनाचा फोटो पाठवला. माकड आणि साळिंदराच्या मध्ये 'ससा' होता, त्यावर निळ्या पेनाची रेघ होती. बाकीची नावं तशीच आहेत, ती काढायला लोक तयार नाहीत म्हणाला. ग्रामसभेत त्यावर भांडण होईल, ते त्यालाच निस्तरायचंय. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आक्का, तुमच्याकडं ससं अडवायला जाळी लावत्यात, तिचा खालचा भाग मातीत किती पुरत्यात?" मी सांगितलं, वीतभर, आणि बाहेरच्या बाजूला वाकवून. तो म्हणाला, डुकराला तेवढं पुरणार न्हाई, पण मापं पाठव.